नव्याण्णव पूर्णांक सहा टक्के पूल

टक्केभाऊंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कचेरीत आता कुणी उरलं नव्हतं. पगारपत्रकावर ते नाव होतं, पण कुणी ते मोठ्याने वाचलं असतं तर हा नवा माणूस कोण आला म्हणून भाऊंनीच मागे वळून पाहिलं असतं. प्रादेशिक बांधकाम कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या पिंपाशेजारी त्यांचं टेबल. काम एकच. त्या भागात सरकारी पैशाने जे काही उभं राहत होतं, म्हणजे रस्ते, पाण्याच्या टाक्या, बसस्थानक, इस्पितळाचा नवा मजला आणि एक पूल, अशा तेवीस कामांची प्रगती किती टक्के झाली ते दर महिन्याच्या पाच तारखेला संगणकातल्या तक्त्यात भरायचं आणि मुख्य कचेरीला पाठवायचं.

तक्ता मोठा शिस्तीचा होता. मागच्या महिन्यापेक्षा आकडा वाढला की चौकोन हिरवा. तेवढाच राहिला की लाल. लाल झाला की तीन प्रतींत खुलासा, आणि खुलाशावर मोठ्या साहेबांची सही. मोठ्या साहेबांना लाल रंग सोसत नसे. त्यांनी आपल्या खोलीतल्या खुर्च्यांची लाल गादीसुद्धा बदलून घेतली होती. त्यांच्या पाठीमागच्या नकाशावर तेवीस टाचण्या होत्या, तेवीसच्या तेवीस हिरव्या, आणि नव्या माणसाशी बोलताना साहेब खुर्ची किंचित बाजूला सरकवत, म्हणजे टाचण्या झाकल्या जाऊ नयेत.

आता भाऊ खोटारडे नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. कारणाशिवाय त्यांनी अर्धा टक्काही कधी वाढवला नाही. पुलाचंच घ्या. अकरा खांबांचा पूल. पाच खांब नदीत उभे राहिले आणि ठेकेदार क्रेन घेऊन, दोन महिन्यांत येतो म्हणून दुसऱ्या कामावर गेला. त्या दिवशी पूल एक्केचाळीस टक्के होता. ते एक्केचाळीस टक्के इंजिनीयरने स्वतः फीत लावून मोजलेले, सोळा आणे खरे. पुढच्या महिन्यात काही वाढलंय का ते पाहायला भाऊ स्वतः पुलावर गेले. वॉचमनने राहायला पत्र्याची खोली बांधली होती. बांधकाम ते बांधकाम. भाऊंनी बेचाळीस लिहिले. पुढच्या महिन्यात खोलीला खिडकी निघाली, त्रेचाळीस. मग गवत कापलं. मग ‘काम चालू आहे’ची पाटी लावली. मग पाटी वाऱ्याने पडली ती पुन्हा लावली, हा टक्का वेगळा. वॉचमनच्या कुत्रीने सिमेंटच्या पाइपात पाच पिल्लं घातली, त्या महिन्यात भाऊ दुपारभर विचार करत बसले होते. ‘कार्यस्थळावरील मनुष्यबळात वाढ’ असं लिहिणं त्यांच्या मनाला काही पटेना, म्हणून त्यांनी त्याचा अर्धाच टक्का धरला.

नव्वदच्या पुढे त्यांनी हात आखडता घेतला. एकेकाऐवजी अर्धा अर्धा, आणि नव्याण्णवनंतर नुसते दशांश. अशा काटकसरीने सहा वर्षांत पूल नव्याण्णव पूर्णांक सहा टक्के झाला. नदीत खांब पाचच होते.

भाऊंची बायको जनावरांची डॉक्टर होती. सगळे तिला डॉक्टरबाई म्हणत. तीन वर्षांपूर्वी तिची बदली नदीपलीकडच्या दवाखान्यात झाली. गच्चीवर उभं राहिलं की त्या दवाखान्याचं छप्पर दिसे, पण तिथे पोहोचायचं तर वरच्या अंगाला असलेल्या जुन्या पुलाला वळसा घालून, दोन बस बदलून अडीच तास लागत. जाताना अडीच, येताना अडीच. पहाटे पाच वीसची बस. जेवता जेवता, गाईच्या आजाराबद्दल काही सांगता सांगता, तिचे डोळे मिटत आणि गाय अर्धवट बरी होऊन राहून जाई. भाऊंना बायको फार आवडत असे. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी तिच्याशी बोलावं, आणि ती जागी असताना बोलावं, असं त्यांना वाटत असे. असा वार आठवड्यात एकच, रविवार. रविवारी ती आठवड्याचे कपडे धूत असे.

अशात अलीकडच्या दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर निवृत्त व्हायला निघाले. घरापासून दहा मिनिटांची वाट, तीही चालत. डॉक्टरबाईंनी त्या जागेसाठी अर्ज केला. महिन्याभराने उत्तर आलं ते तिने स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच फोडलं.

“‘प्रादेशिक प्रगती तक्त्यानुसार सदर पूल ९९.६ टक्के पूर्ण आहे,’” ती वाचू लागली. “‘सबब अर्जदाराची प्रवासाची अडचण लवकरच दूर होत असल्याने बदलीची आवश्यकता दिसून येत नाही. हरकत असल्यास वीस दिवसांत पुराव्यासह कळवावी.’ अहो, ऐकताय ना?”

भाऊ कांदा चिरत होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याचा संशय कांद्यावर गेला.

“नव्याण्णव पूर्णांक सहा. कुठल्या गाढवाने लिहिलं असेल?” ती म्हणाली. “नाही, गाढवाला कशाला बोल लावा. गाढवाला नदी दिसते. अहो, हा तक्ता तुमच्याच कचेरीतून जातो ना?”

“आमच्याकडे येतो,” भाऊ म्हणाले. “आम्ही नुसता पुढे पाठवतो.”

सहा वर्षं घरात हेच वाक्य चालत आलं होतं.

“मग त्या माणसाला शोधून काढा. माझ्याकडे घोड्याचं इंजेक्शन आहे. एवढी सुई असते.” तिने दोन हातांनी सुईची लांबी दाखवली, ती कांदा चिरायच्या सुरीपेक्षा मोठी होती. “मला त्याच्याशी भांडायचं नाही, काही बोलायचंही नाही. तुम्ही त्याला फक्त माझ्याकडे पाठ करून उभा करा.”

भाऊंनी कांदा तसाच ठेवला आणि ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच त्यांनी तक्ता काढला आणि पुलाच्या चौकोनात एक्केचाळीस लिहिले. संगणकाने लगेच कळवलं की प्रगती मागील महिन्यापेक्षा कमी असू शकत नाही. त्यांनी ऐंशी लिहून पाहिले. नाही. नव्याण्णव लिहिले. तेही नाही. शेवटी त्यांनी मुख्य कचेरीत तक्त्याच्या मदतीसाठी बसवलेल्या बाईंना फोन लावला.

“आकडा खाली आणायचाय,” भाऊ म्हणाले.

“खाली?” बाई जरा गोंधळल्या. “इतकी वर्षं इथे बसलेय, असा फोन कधी आला नाही. बरे आहात ना तुम्ही?”

“चुकून जास्त गेलाय.”

“प्रगती खाली येण्याची एकच सोय आहे. बांधकाम पडलेलं पाहिजे. नमुना सतरा, पडझडीचा अहवाल. काय पडलं, कशामुळे पडलं, जखमी किती, जबाबदार कोण. तुमचं काही पडलंय का?”

“अजून नाही.”

“मग पडलं की कळवा.” बाईंनी कागद चाळल्याचा आवाज आला. “हा तुमचा पूल ना? अहो, आता त्याची कशाला एवढी काळजी करता? तुमचे सतरा डबे पोचले का रंगाचे?”

“कसला रंग?”

“तक्त्यात काम जेवढं शिल्लक तेवढाच पैसा निघतो. तुमचं चार दशांश शिल्लक, त्यात रंग बसला. ठेकेदार मात्र हट्टी आहे हो तुमचा. दरवर्षी क्रेनला पैसे द्या म्हणून लिहितो. दरवर्षी आम्ही कळवतो, बाबा रे, जवळजवळ झालेल्या पुलाला क्रेन लागेलसं दिसत नाही. चुकलं का आमचं?”

“नाही,” भाऊ म्हणाले, “तुमचं काही चुकलं नाही.”

फोन ठेवून त्यांनी पिंपातून एक पेला पाणी घेतलं, मग आणखी एक. ठेकेदार कामचुकार आहे, असं ते सहा वर्षं भेटेल त्याला सांगत होते. आणि तो बिचारा दरवर्षी क्रेन मागत होता. खोली, खिडकी, गवत, पाटी, प्रत्येकाचा एक टक्का त्यांनी मोठ्या प्रामाणिकपणे वाढवला होता, आणि तेवढाच पैसा त्यांनी पुलाच्या तोंडातून काढून घेतला होता. पूल नदीने अडवला नव्हता, ठेकेदाराने अडवला नव्हता. बायको पहाटे पाच वीसची बस पकडत होती ती नवऱ्याच्या कृपेने. भाऊंना स्वतःची अशी लाज वाटली की टेबलाखाली जाऊन बसावं. टेबलाखाली वायरींचा गुंता होता, म्हणून ते खुर्चीतच बसून राहिले.

मग ते मोठ्या साहेबांकडे गेले.

“आकडा खाली?” साहेबांनी आधी दार लावून घेतलं. “टक्केभाऊ, मुख्य कचेरीत वरची जागा रिकामी होतेय. तिथे नेणार कुणाला, तर ज्याचे सगळे चौकोन हिरवे त्याला. आणि तुम्ही मला लाल करायला निघालात?”

“साहेब, पण पूल नाहीये.”

“पूल नाही हे कुणाला कळतं? जो नदीवर जाईल त्याला. नदीवर जातं कोण?”

“माझी बायको, साहेब. रोज. म्हणजे नदीवर नाही जात, वळसा घालून जाते.”

साहेबांनी त्यांच्याकडे थोडा वेळ कीव केल्यासारखं पाहिलं, आणि वहिनींना नमस्कार सांगा म्हणून बोळवण केली.

राहता राहिलं काय, तर पूल पडणं. भाऊंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ते पुलावर गेले. वॉचमन रंगाच्या सतरा डब्यांवर फळ्या टाकून केलेल्या पलंगावर आडवा झाला होता.

“काही पडलंबिडलंय का हो इथे?” भाऊंनी विचारलं.

“परवा माझी दाढ पडली.”

“बांधकामातलं म्हणतोय मी.”

वॉचमन उठूनच बसला. “बांधकामातलं? माझ्या राखणीत? सहा वर्षांत एक खिळा हलू दिला नाही मी साहेब. पाहिजे तर फिरून बघा.”

भाऊंनी फिरून पाहिलं. पहिला खांब काठावरच होता. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी त्याला हाताने ढकललं, मग खांद्याने ढकललं, आणि मग बायकोची पाच वीसची बस डोळ्यांसमोर आणून जोरात एक लाथ घातली. खांब पक्का होता. ठेकेदाराने काम अगदी चोख केलं होतं, आणि अंगठा धरून वाळूत बसल्या बसल्या भाऊंना त्याचंही वाईट वाटलं.

संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा अंगठा चांगला वांग्याएवढा झाला होता. तिने पिशवी खाली ठेवून तो दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला.

“कुणी तुडवलं?”

“खांबावर आपटला.”

“कुठल्या खांबावर?”

“पुलाच्या.”

“तुम्ही पुलावर काय करत होता?”

माणसाचा पाय डॉक्टरच्या मांडीवर असला की त्याला फार खोटं बोलता येत नाही. भाऊंनी सगळं सांगून टाकलं. पत्र्याची खोली सांगितली, खिडकी, गवत, पाटी सांगितली. पिल्लांचा अर्धा टक्का सांगितला. क्रेनचंही सांगितलं. बैलाच्या पायाला बांधतात तसा बायकोने अंगठ्याला पट्टा बांधला, इतका घट्ट की भाऊंचे ओठ आत गेले. मग ती हात धुवायला उठली.

“उद्या पाच वीसला तयार राहा,” ती मोरीतून म्हणाली.

बसची मधली खिडकी लागत नव्हती. बायकोला ते माहीत होतं, म्हणून ती तिथे बसली नाही. भाऊ बसले आणि गारठले. कुठल्या वळणावर पुढचा दांडा धरायचा तेही तिला माहीत होतं, आणि कुठे धक्के संपतात तेही. तिथे पोहोचल्यावर तिने मागे न टेकता डोळे मिटले आणि दुसऱ्या क्षणी ती झोपली. हळूहळू तिचं डोकं भाऊंच्या खांद्यावर आलं. आज आपण हिशेब करायचा नाही, असं भाऊंनी ठरवलं होतं, पण माणूस पडला टक्क्यांतला. दिवसाचे पाच तास म्हणजे जवळजवळ एकवीस टक्के. तीन वर्षं बायकोच्या जागेपणाचे, झोपेचे, घरात नुसतं इकडून तिकडे फिरण्याचे, एकवीस टक्के आपण घेतले. ही टक्केवारी मात्र अगदी बरोबर होती. भाऊंनी खांदा जराही न हलवता रडून घेतलं.

पलीकडच्या काठावरून त्यांनी पूल कधी पाहिलाच नव्हता. कचेरीत यायचे ते फोटो अलीकडून काढलेले, त्यात एकामागे एक पाच खांब उभे राहत आणि पुढे जे असेल ते असेल असं वाटे. दवाखान्याच्या अंगणातून ते खांब आपल्याकडे यायला निघालेले दिसत आणि ऐन पाण्यात थांबत. पाचव्या खांबावर एक बगळा बसला होता. त्याच्या अलीकडे नुसती नदी.

“इथून एक्केचाळीससुद्धा जास्त वाटतात,” भाऊ म्हणाले.

“इथून शून्य आहेत,” बायको म्हणाली. “माझ्या बाजूला एक तरी खांब दाखवा.”

अंगणात एक गाय बांधलेली होती. तिने दोन दिवस चारा तोंडात घेतला नव्हता. बायकोने बाह्या वर केल्या आणि गाईच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला.

“आता काय करणार?” तिने हात आत ठेवूनच विचारलं.

“आकडा खाली येतच नाही. काहीतरी पडल्याशिवाय येणार नाही म्हणतात.”

“मग पाडा की आकडा. तुम्हीच चढवलात ना?”

भाऊंनी पिशवीतून नमुना सतरा काढला. खांब पडलाच तर हाताशी असावा म्हणून आदल्या दिवसापासून तो त्यांच्याजवळ होता. अंगणात टेबल नव्हतं, तेव्हा त्यांनी कागद गाईच्या पाठीवर ठेवला. गाय मधूनच कातडी थरथरवायची, त्यामुळे अक्षर जरा उतरणीला लागलं. लिहून झाल्यावर बायको म्हणाली, वाचा.

“काय पडले,” भाऊंनी वाचलं. “आकडा. कोठून कोठे. नव्याण्णव पूर्णांक सहा येथून एक्केचाळीस येथे. कारण. खाली काहीही आधार नव्हता. जखमी. एक अंगठा. जबाबदार. खाली सही करणारा.”

बायकोचा चेहरा गाईच्या आड होता. आधी तिचे खांदे हलले, मग गाय हलली. ती हसत होती. कामाच्या दिवशी, लख्ख जागी, ती हसत होती, आणि भाऊंना इतकं बरं वाटलं की नोकरी गेली तरी चालेल असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

“सही वाचता येईल अशी करा,” ती म्हणाली, आणि गाईच्या घशातून तिने हातभर सुतळी बाहेर ओढली.

आता मुख्य कचेरीची गंमत अशी की तिथे कागद पहिल्या ओळीपलीकडे वाचायची पद्धत नव्हती. पहिली ओळ होती ‘पडझडीचा अहवाल’, आणि तिच्यापुढे पुलाचं नाव. दुसऱ्या दिवशी दुपारी नदीवर बचाव पथक हजर झालं. दोन होड्या, चार स्ट्रेचर, एक रुग्णवाहिका, आणि हातात भोंगा धरलेला एक धिप्पाड प्रमुख.

“पुलाखाली कुणी अडकलं आहे का?” तो भोंग्यातून ओरडला. “असल्यास आवाज द्यावा.”

पाइपातून कुत्रीने आवाज दिला. दोन जवान स्ट्रेचर घेऊन धावले.

वॉचमनने त्या दिवशी आयुष्यातला सगळा अपमान एकदम सोसला. काही पडलेलं नाही, हे तो प्रत्येकाला हाताला धरून सांगत होता, आणि पथकातले लोक त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकून त्याला पाणी पाजत होते. संध्याकाळपर्यंत पथकाने दोनदा नदी पालथी घातली. तेवढ्या होड्या आणून रिकाम्या हाताने परत जायचं म्हणजे पुढच्या वर्षी डिझेल कोण देणार? तेव्हा प्रमुखाने खांब मोजले, आराखडा मागवला, आणि आपल्या अहवालात लिहिलं: ‘पुलाच्या अकरा खांबांपैकी पाच खांब सुखरूप वाचवण्यात यश आले. उर्वरित सहा खांबांचा शोध लागला नाही.’

एवढ्या मोठ्या माणसाने शिक्का मारल्यावर संगणकाची काय बिशाद. पुलाच्या चौकोनात एक्केचाळीस मुकाट्याने बसले. मोठे साहेब दोन दिवस रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन घरी पडून होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या नावाने पत्र आलं, आपल्या मार्गदर्शनाखाली पाच खांब वाचले याबद्दल अभिनंदन, आणि आठवड्याभरात ते वरच्या जागेवर गेले. जाताना त्यांनी नकाशा काढून नेला. ठेकेदारालाही पत्र गेलं: शिल्लक काम एकोणसाठ टक्के असल्याने आता क्रेनची आवश्यकता दिसून येते. आणि एकोणिसाव्या दिवशी डॉक्टरबाईंचा अर्ज मंजूर झाला. पुरावा म्हणून तिने तक्त्याच्या त्याच चौकोनाची नक्कल जोडली होती.

सगळं छान झालं, असं इथे म्हणता आलं असतं. पण नमुना सतराला मागची बाजू होती. बारीक अक्षरात तिथे छापलेलं होतं की पडझडीस जबाबदार असलेल्या कर्मचाऱ्याने काम शंभर टक्के पूर्ण होईपर्यंत बांधकामाच्या अपूर्ण टोकाशी रोज हजर राहून प्रगती नोंदवावी. पुलाचं अपूर्ण टोक म्हणजे पलीकडचा काठ. डॉक्टरबाई ज्या सोमवारी अलीकडच्या दवाखान्यात दहा मिनिटं चालत रुजू झाल्या, त्याच सोमवारी भाऊंनी पाच वीसची बस पकडली. मधल्या खिडकीपाशी ते बसले नाहीत, एवढं मात्र आता त्यांना कळत होतं.

पलीकडच्या काठावर त्यांना एक टेबल, एक संगणक आणि डोक्यावर ताडपत्री मिळाली. समोर नदी. क्रेन निघाली होती, पण वाटेत तिचा कुठलासा भाग मोडला होता आणि तो यायला आणखी महिना लागणार होता. पहिल्या महिन्याची पाच तारीख आली. भाऊंनी तक्ता उघडला. पाठ दुखत होती. पाच आठवड्यांत त्यांचे डोळे खोल गेले होते, आणि घरी बायको आता गाईची गोष्ट पूर्ण सांगायची तर ऐकणाऱ्याचीच मान पडत होती.

चौकोन रिकामा होता. इथे कुणी बघायला येत नव्हतं. मोठे साहेब आता वरच्या जागेवर होते, आणि ते काही हिरव्याला ना म्हणणारे नव्हते. शंभर लिहिले की नियमाप्रमाणे काम पूर्ण, आणि काम पूर्ण म्हणजे उद्यापासून पुन्हा पिंपाशेजारचं टेबल. भाऊंनी बराच वेळ बोट त्या एकाच्या बटणावर ठेवलं, मग उचलून बायकोला फोन लावला.

“अहो, लवकर बोला,” ती धापा टाकत म्हणाली. “दोन्ही हात गुंतलेत, फोन मानेत धरलाय.”

“काही नाही. तक्ता भरतोय. म्हटलं, शंभर लिहिले तर उद्यापासून घरी राहता येईल. एकदाच. क्रेन काय, येईल ना मागाहून.”

पलीकडे गाय मोठ्याने हंबरली.

“गाय अडलीय,” ती म्हणाली. “वासराचे पुढचे पाय आलेत, डोकं आलंय. पुढे सरकत नाही. मालक केव्हाचा दारात उभा आहे, विचारतोय झालं का. काय सांगू त्याला, झालं म्हणून?”

भाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सांगा ना. तुमचा हातखंडा आहे. पाय आणि डोकं, किती धरता?”

भाऊंनी नदीकडे पाहिलं.

“एक्केचाळीस,” ते म्हणाले.

“मग मला ओढू द्या,” बायको म्हणाली, आणि फोन बहुधा गवतात पडला.

भाऊंनी तो ठेवला नाही. कानाला लावून ते बसून राहिले. तिकडे बायको कुणाला तरी दोरी धरायला सांगत होती, मग थांब म्हणत होती, मग ओढ म्हणत होती. गाय कण्हली. बराच वेळ नुसती धाप ऐकू आली. मग काहीतरी जड, ओलं असं जमिनीवर आलं, आणि कोणीतरी अगदी बारीक शिंकलं.

“झालं,” बायको म्हणाली. ते तिने मालकाला सांगितलं होतं.

भाऊंनी चौकोनात एक्केचाळीस लिहिले आणि पाठवून दिले.